वंदनाची बारा पानं

वंदना गेल्याचं कळलं तेव्हा मी गच्चीवर पाण्याच्या टाकीचं झाकण बसवत होतो. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. खिशात फोन वाजत होता, पण दोन्ही हात ओले होते, म्हणून पहिल्यांदा घेतला नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला. दत्ताचा होता, वंदनाच्या नवऱ्याचा. "सर, वंदना गेली," एवढंच म्हणाला आणि थांबला. मी "बरं" म्हणालो. का म्हणालो ते आजही सांगता येत नाही. तीस वर्षं कारखान्यात काढली, फोनवर कुठलीही बातमी आली की आधी बरं म्हणायचं आणि मग विचार करायचा अशी सवय लागली होती. तीच तोंडातून बाहेर पडली असावी. मग दत्ताने सांगितलं की आदल्या दिवशी दुपारी कामावरच तिला चक्कर आली, दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध गेली होती, मेंदूत रक्तस्राव झाला होता. पहाटे संपलं. मी झाकणाचे उरलेले दोन नट घट्ट केले, खाली आलो आणि सुधाला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती कणीक मळत होती. तिने हात धुतले आणि आम्ही निगडीहून दापोडीला गेलो.

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. वंदनाचं नाव वाचकांना ठाऊक असण्याचं कारण नाही. पण तुमच्या घरात लहान मूल असेल आणि संध्याकाळी ते कार्टून लावून बसत असेल, तर तिचं काम तुमच्या दिवाणखान्यात येऊन गेलेलं असणार. ती स्टोरीबोर्ड काढायची. ॲनिमेशनची गोष्ट पडद्यावर हलायला लागण्याआधी ती सगळीच्या सगळी कागदावर चौकटी-चौकटींनी काढून बघतात: कोण कुठे उभं आहे, कॅमेरा कुठून बघतोय, आधी काय होतं आणि मग काय. मुलांना ते कागद कधीच दिसत नाहीत. शेवटी जी नावं भराभर वर सरकत जातात, त्यांत तिचं असायचं. आम्ही एकदा तिच्याच सोफ्यावर बसून ते बघितलं होतं. सुधाला नाव सापडेपर्यंत ते निघून गेलं. वंदना म्हणाली, "राहू द्या मॅडम, बरोबर लिहिलंय, मी बघितलंय."

मी तिला समोर कायम अहो-जाहो करत असे. इथे लिहिताना 'त्या' लिहून पाहिलं, तर दुसऱ्याच कुणा बाईंबद्दल लिहितोय असं वाटायला लागलं. म्हणून 'ती'च लिहितो.

सोळा वर्षांपूर्वी ती चाकणला आमच्या कंपनीत आली. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, मी तिथे मेथड्स विभाग बघायचो. कुठलं काम कुठल्या क्रमाने, कुठल्या हाताने करायचं हे ठरवणारा विभाग. वंदना मूळची परभणीकडची, आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली, लग्न होऊन दापोडीला आलेली. दत्ता भोसरीला एका फोर्जिंगच्या कारखान्यात, तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर होता. तिला आम्ही घेतलं ते एसओपी काढायला. लाइनवर प्रत्येक कामगाराच्या डोळ्यांसमोर एक तक्ता टांगलेला असतो. हा भाग असा उचला, असा बसवा, असा तपासा. त्या तक्त्यांतली चित्रं काढायचं काम. मुलाखतीत ती फारसं बोलली नव्हती. मी तिला माझ्या टेबलावरच्या, कागदाला भोकं पाडायच्या पंचचं चित्र काढायला सांगितलं, तर तिने विचारलं, "कुणाला दाखवायचंय, सर?" तेव्हा मला वाटलं, प्रश्न चुकवतेय.

तिचं काम काय दर्जाचं आहे ते मला कळलं ते एका ऑइल सीलमुळे. रबराची कडी असते, तिला एका बाजूला ओठासारखी पातळ कड असते आणि ती कड आतल्या बाजूला यावी लागते. आमच्या एका लाइनवर ती वारंवार उलटी बसायची. आम्ही तक्त्यावर लाल अक्षरांत सूचना लिहिली, मग आणखी मोठ्या अक्षरांत लिहिली, मग त्या जागेवर काम करणाऱ्या बाईंना समज दिली. उपयोग शून्य. वंदनाने विचारलं, मी जाऊन बघू का? ती त्या बाईंच्या मागे पूर्ण सकाळ उभी राहिली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आली. घाईत बोलायला लागली की तिच्या बोलण्यात परभणी यायची. "सर, आपलं चित्र समोरून काढलेलं आहे. ती बाई बघायली वरून. म्हणजे दर वेळी ती मनातल्या मनात चित्र उलटं करायली. ते उलटं करायचं काम तिचं कशाला? आपलं आहे ना." दुसऱ्या दिवशी तिने नवा तक्ता लावला. त्या बाईंच्या डोळ्यांतून दिसेल तसा भाग, आणि त्याच्या आधी आणखी एक चित्र, ज्यात फक्त डावा हात सील उचलताना दिसत होता. सील उलटी बसायची थांबली. मी वरिष्ठांना अहवाल पाठवला, त्यात 'विभागाने केलेली सुधारणा' असं लिहिलं. तिचं नाव लिहिलं नव्हतं. तशी पद्धतच होती.

पुढे काही वर्षांनी कंपनीने सुरक्षिततेवर एक छोटा चित्रपट करून घ्यायचं ठरवलं. तो करायला पुण्याहून लोक आले. त्यांच्यातल्या एका तरुणाच्या हातात चौकटींचे कागद होते. वंदना त्याच्या खांद्यावरून वाकून ते कागद बघत होती, मी लांबून पाहिलं. परतीच्या कंपनी बसमध्ये ती माझ्या पुढच्या सीटवर होती. नाशिक फाटा आला तेव्हा मागे वळून म्हणाली, "सर, ही पण नोकरी असते. नुसतं हेच काढायचं." मी म्हटलं, असेल. ती म्हणाली, "त्याला विचारलं मी. पोर्टफोलिओ लागतो म्हणाला. डिग्री नाही विचारत, पोर्टफोलिओ विचारतात." मग जरा थांबून, "पोर्टफोलिओ म्हणजे नेमकं काय असतं, सर?" मी सांगितलं की आपल्या चांगल्या कामाची फाइल. आता वाटतं, तिचं पहिलं वर्ष वाया गेलं ते माझ्या या उत्तरामुळे.

कारण तिने अगदी तेच केलं. चांगल्यात चांगली चित्रं गोळा केली. पेन्सिलने घोटून शेड दिलेले चेहरे, धावणारा घोडा, मोटरसायकलचं इंजिन सुटं करून, गणपती, वासरू चाटणारी गाय, पाण्याने भरलेला काचेचा ग्लास. चाळीसेक पानं, वर प्लास्टिकचं कव्हर, स्पायरल. पुण्यातल्या एका स्टुडिओने भेटायला बोलावलं तेव्हा तिने मला बरोबर यायला सांगितलं. दत्ताची शिफ्ट होती आणि तिला एकटीला तिथे इंग्रजी बोलायची धास्ती वाटत होती. इंग्रजी बोलावं लागलं नाही. मानसी नावाची जेमतेम तिशीची मुलगी होती, तिने आम्हां दोघांनाही आत बसवलं आणि फाइल सावकाश, एकही पान न गाळता बघितली. मग म्हणाली, "ताई, तुमचा हात फार चांगला आहे. पण मला यातल्या एकाही चित्राच्या आधी काय झालं ते कळत नाही आणि नंतर काय होणार तेही नाही." एक पान उघडून तिने दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचं चित्र दाखवलं. "याला आत यायचंय की परत जायचंय?" वंदनाने चित्राकडे बघितलं. "ते मी ठरवलं नव्हतं," ती म्हणाली. मानसी हसली नाही. तिने एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं. तीन छोट्या गोष्टी, तिन्हींची चव वेगळी. शब्द न वापरता कळल्या पाहिजेत. चित्र घोटायचं नाही, काड्यांची माणसं चालतील, पण त्यांना काहीतरी हवं असलं पाहिजे. पानं कमी. आणि ज्या पानाबद्दल स्वतःलाच शंका आहे ते ठेवायचं नाही, कारण बघणारा नेमका तिथेच थांबतो.

स्वारगेटला बसची वाट बघत उभे होतो तेव्हा मला वाटलं काहीतरी धीराचं बोलावं. मी म्हटलं, "पहिलाच प्रयत्न होता." ती म्हणाली, "नाही सर, तिने बरोबर सांगितलं. मी अजून एसओपीच काढायले. त्यात माणसाला काही नको असतं, फक्त हात असतात."

त्यानंतर दोन वर्षं तिने जे केलं त्याला मी सराव म्हणेन, कारण दुसरा शब्द सुचत नाही. कंपनी बसमध्ये पहिल्या शिफ्टला जाताना हाताच्या पंजात मावेल अशी वही आणि त्यात झोपलेली, डुलणारी, खिडकीला डोकं टेकलेली माणसं. रविवारी सकाळी ती निगडीच्या बस स्थानकावर येऊन बसायची. दापोडीहून तिथवर यायचं कारण म्हणजे तिथून गाड्या सुटतात. "बस चुकलेला माणूस बघायचाय," ती म्हणाली होती. "कुणी पळतं, कुणी पळायचं थांबल्यावर आपण पळतच नव्हतो असं दाखवतं. ते दुसरं मला पाहिजे." स्थानकावरून ती कधीकधी आमच्या घरी, निगडी प्राधिकरणात यायची, चहा घ्यायची. एकदा तिने मला रागावून बुटाची लेस बांधायला सांगितली. मी भुवया वगैरे चढवून बांधली. तिने पेन्सिल उचललीच नाही. "सर, तुम्ही रागावल्याचं नाटक करायलात. खरे रागावता तेव्हा तुम्ही काहीच करत नाही, चष्मा पुसता." सुधा आतून म्हणाली, "अगदी बरोबर." मला तेव्हा ते ऐकून चष्मा पुसावासा वाटला आणि पुसता येईना.

मग ती गोष्ट घडली, जी सांगितल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल.

कंपनीने नवं सॉफ्टवेअर घेतलं. डिझाइनच्या त्रिमिती आकृत्यांवरून तक्त्यांची चित्रं आपोआप निघू लागली. हाताने काढणाऱ्याची गरज उरली नाही. वरून मला विचारण्यात आलं की तुमच्या विभागातून एक जण डिस्पॅचला द्यायचा आहे, नाव सुचवा. मी वंदनाचं नाव दिलं. कारणं होती. ती सगळ्यांत अलीकडे आलेली होती, तिचं काम सॉफ्टवेअर करणार होतं, बाकी दोघे अभियंते होते. कागदावर बघितलं तर निर्णय बरोबरच होता. पण तिच्यासाठी शब्द टाकायची जागा होती आणि तो मी टाकला नाही, हेही खरं. डिस्पॅच म्हणजे खोक्यांवर लेबलं लावणं आणि यादीवर टिक करणं. मी तिला माझ्या केबिनमध्ये बोलावलं. काचेची केबिन होती. मी सांगितलं, ती "ठीक आहे सर" म्हणाली आणि उठून गेली. चार-पाच मिनिटांचं काम. मला हलकं वाटलं होतं, कारण ती रडली नाही.

चार महिन्यांनी एका रविवारी ती आमच्याकडे आली. नवा पोर्टफोलिओ तयार होता, स्टुडिओत दाखवायच्या आधी आम्हाला दाखवायचा होता. स्पायरल नव्हतं, कव्हर नव्हतं, बारा पानं नुसत्या क्लिपमध्ये होती. पहिली गोष्ट बस चुकलेल्या माणसाची होती. दुसरी हसवणारी. कंपनीच्या गेटवर एकच झाड, त्याच्या तुकडाभर सावलीसाठी वॉचमन आणि एक कुत्रं यांची दिवसभर चाललेली सरकासरक. सुधा मोठ्याने हसली. तिसरी गोष्ट मी उघडली आणि ती माझी केबिन होती.

चेहरे नीट काढलेले नव्हते, चार-दोन रेघांतच होते. पण माझं मला ओळखायला एक चौकटही लागली नाही. पहिल्या चौकटीत केबिन छतावरून दिसत होती. टेबल खूप लांब आणि दोन माणसं दोन टोकांना. टेबल प्रत्यक्षात एवढं मोठं नव्हतं. मग माझा हात, स्टेपलर कागदांच्या कडेला समांतर करत असलेला. मग ती, माझ्याकडे बघणारी. मग मी, संगणकाकडे बघणारा, आणि माझ्या मागून दिसतं की त्याचा पडदा बंद आहे. तो खरंच बंद होता का, मला आठवत नाही. मग तिचे हात मांडीवर. मग ती उठते, दाराशी जाते. शेवटच्या चौकटीत कॅमेरा काचेच्या बाहेर गेलेला. ती निघून गेली आहे, आणि आत मी उठून तिची सरकलेली खुर्ची टेबलाला लावून सरळ करतोय.

खुर्ची मी सरळ केली होती. तेवढं मला स्पष्ट आठवलं. ती काचेपलीकडून वळून बघत असेल हे ध्यानात आलं नव्हतं.

"ही ठेवू का सर?" तिने विचारलं. आवाजात काही नव्हतं, ना तक्रार ना आर्जव. "तुम्ही नको म्हणालात तर काढते."

मी चष्मा पुसला. मग म्हणालो, "ही नको... कुणी ओळखलं तर बरं नाही दिसणार." ती "बरं" म्हणाली, क्लिप उघडली, चार पानं वेगळी केली आणि पिशवीत ठेवली. चहा पिऊन गेली. त्या चहाच्या वेळी आम्ही काय बोललो ते मला आठवत नाही, बहुधा पाणीकपातीबद्दल.

 गुरुवारी जेवताना सुधा म्हणाली, "त्या चित्रांत तुम्ही वाईट नाही दिसलात."

"मग?"

"घाबरलेले दिसलात."

मी भात संपवला. ती पुढे म्हणाली, "तिची सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती. मला यातलं काही कळत नाही, पण बाकीच्या दोन मी विसरले आणि ही डोळ्यांसमोरून जात नाही. तुम्ही तिचं काम दुसऱ्यांदा काढून घेतलंत."

पुढच्या रविवारी मी दापोडीला गेलो. तिचं घर रेल्वेच्या बाजूच्या गल्लीत, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळीत वरच्या मजल्यावर. वर जाणारा जिना लोखंडी आणि इतका अरुंद की आडवं व्हावं लागतं. त्याआधी मी तिथे कधी गेलो नव्हतो, इतक्या वर्षांत. दत्ता घरी होता. हॅमरवर काम करून त्याला एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे मी जे बोललो ते मला मोठ्याने बोलावं लागलं आणि बहुतेक शेजाऱ्यांनीही ऐकलं. मी म्हटलं, "ती चार पानं ठेवा. मी नको म्हणालो ते चुकलं." वंदना ओट्याशी उभी होती. तिने गॅस बारीक केला. "चेहरा बदलू का सर? मिशी काढते, म्हणजे कळणार नाही."

"नको. आहे तसंच राहू दे."

ती म्हणाली, "फेकली नव्हती मी. ठेवली होती बाजूला." मग दत्ताकडे बघून, "सरांना पोहे द्या." एवढंच.  बदलीसाठी तिचं नाव मीच सुचवलं होतं हे तिला ठाऊक होतं की नाही, हे मी पुढेही कधी विचारलं नाही. ठाऊक असणार. तिला माणसाच्या हातांवरून पुष्कळ काही कळायचं.

स्टुडिओत मी याही वेळी गेलो होतो, पण बाहेर बसलो. मानसीच्या खोलीला काचेचं दार होतं. वंदना समोर बसलेली, मानसी पानं उलटतेय हे मला दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. शेवटच्या चार पानांशी मानसी थांबली. मागे गेली, पुन्हा पुढे आली. काहीतरी विचारलं. वंदनाने उत्तर दिलं आणि मानसीने मान वर करून दारातून थेट माझ्याकडे बघितलं. मी शेजारच्या टेबलावरचं मासिक उचललं. बाहेर आल्यावर वंदनाने सांगितलं की ती विचारत होती, हा माणूस कोण, खुर्ची सरळ करतो हे कसं सुचलं. "मंग मी म्हटलं, आमचे सर आहेत, बाहेर बसायलेत." तिला काम मिळालं. त्या दिवशी बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली आणि शिवाजीनगरच्या पुढे ती झोपून गेली. डोकं काचेला टेकलेलं. मला वाटलं, हिचं चित्र कुणीतरी काढायला हवं. मला काढता येत नाही.

आठ वर्षं तिने ते काम केलं. मीही मधल्या काळात निवृत्त झालो. तिच्या कामाबद्दल मला सांगण्यासारखं फार माहीत नाही. एवढं ठाऊक आहे की तिच्या हाताखाली मोठाल्या कॉलेजांतून शिकून आलेली मुलं होती आणि ती तिला ताई म्हणायची. दर रविवारी ती घरी दापोडीतल्या, फुगेवाडीतल्या मुलींना बसवायची. कुणी बारावी झालेल्या, कुणी शिवणकाम करणाऱ्या, एक तर कंपनीत लाइनवर होती. पोर्टफोलिओ कसा करायचा ते शिकवायची. मी एक-दोनदा गेलो तेव्हा ऐकलं होतं. एक मुलगी भरगच्च रंगवलेली राजकन्या घेऊन आली होती. वंदनाने ते चित्र कौतुकाने बघितलं आणि म्हणाली, "छान आहे, हे घरी लाव. आता मला हिला भूक लागलीये ते दाखव." दुसरीला म्हणाली, "तुझी गोष्ट चांगली आहे, पण कॅमेरा उगं फिरायलाय. कुणाच्या बाजूने बघायचंय ते आधी ठरव, मग कॅमेरा तिथं ठेव आणि गप बस."

आमची शेवटची भेट तिच्या जाण्याआधी महिनाभर. निगडीला कुणाच्या तरी वास्तुशांतीला आली होती, तिथून घरी आली. डोकं दुखतंय म्हणाली, गेले दहा-बारा दिवस. मी म्हटलं, दिवसभर पडद्याकडे बघता, चष्म्याचा नंबर बदलला असेल, तपासून घ्या. तिने तपासून घेतला. नंबर बदलला होता, असं तिने फोन करून सांगितलंही... ती गेल्यावर एका डॉक्टर मित्राने मला समजावलं की त्या डोकेदुखीचा रक्तस्रावाशी संबंध असेलच असं नाही. मी ऐकून घेतलं.

अंत्यविधीला माणसं पुष्कळ होती. वंदना-दत्ताचा मुलगा बेंगळुरूला नोकरीला असतो, तो दुपारच्या विमानाने आला. मानसी आली होती, आता तिच्या केसांत थोडं पांढरं दिसतं. तिने मला ओळखलं. कोण म्हणून ओळखलं ते मी विचारलं नाही.

गेल्या रविवारी दत्ताचा फोन आला. "सर, पोरी येत्यात अजून. मी काय सांगू त्यांना? तुमी या जरा." मला त्यातलं काय येतं, असं म्हणणार होतो, पण गेलो. खोलीत पाच मुली जमिनीवर बसल्या होत्या. भिंतीपाशी वंदनाचं टेबल होतं, त्यावर दत्ताने चादर घातली होती. मला वाटलं होतं की मला काहीतरी शिकवावं लागेल, चार शब्द बोलावे लागतील, आणि मी येताना लोकलमध्ये ते मनात जुळवतही होतो. पण मुलींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांतली मोठी, पूजा, उठली आणि तिने आपली तीन पानं दत्तासमोर ठेवली. दत्ता चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला, हात लुंगीला पुसले आणि चष्मा लावला. पूजा काही बोलली नाही. 

नंतर दत्ताने मला सांगितलं की हे त्यांच्या घरात पहिल्यापासून होतं. वंदना काढलेलं प्रत्येक पान आधी त्याच्यापुढे ठेवायची, सकाळच्या चहाला, आणि एक शब्द न बोलता थांबायची. दत्ताने गोष्ट सांगायची. त्याला सांगता आली तर पान ठेवायचं, नाही आली तर नाही. माझी केबिनही त्यानेच पहिल्यांदा बघितली होती. पुढे मुलींची पानंही ती त्याच्यापुढे ठेवायला लागली. इतक्या वर्षांत तिने मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नसणार.

दत्ता पहिल्या चौकटीवर बोट ठेवून सावकाश वाचू लागला. "ही बाई भांडून आलीय. माहेरी आलीय. आईला सांगंना काही... पाणी पेतीय. पण चपला नाही काढल्या हिनं." त्याचं बोट थांबलं. "म्हंजे हिला परत जायचंय. आईला कळालंय ते. आई चपलांकडं बघायली." पूजाने मान हलवली. त्याने पान उलटलं. दुसऱ्या पानावर बोट एका चौकटीपासून दुसरीवर गेलं, परत मागे आलं, तिथेच राहिलं. खालून लोकल गेली, ती जाईपर्यंत तो थांबला.

"हितं मला काही कळालं नाही, बाई," तो म्हणाला.

पूजाने वाकून ते पान उचललं, पेन्सिलीच्या डब्यातून खोडरबर काढलं आणि खिडकीपाशी जाऊन बसली.